अमेरिकेत दहनविधी: फ्युनरल होमशी बोलणी, कागदपत्रे आणि विधी कोणत्या क्रमाने करावेत

अमेरिकेत घरातले माणूस गेले की बहुतेक मराठी कुटुंबांची गाडी एकाच ठिकाणी अडते. फ्युनरल होम (अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारी संस्था) ठरते, तारीख ठरते, पैसे भरले जातात. मग दोन दिवसांनी गुरुजी यादी सांगतात: स्नान, नवे वस्त्र, तुळस, पिंड, मडके, मुखाग्नी. तोवर दाहगृहात अर्ध्या तासाची वेळ घेतलेली असते, आत पाच-सहा जणांनाच परवानगी असते आणि अंत्यदर्शनाच्या खोलीत ज्योत लावायला बंदी असते. फ्युनरल होमचे लोक अडवणूक करत नसतात. ठरवताना जे सांगितले गेले, त्याच हिशेबाने त्यांनी खोली, माणसे आणि भट्टीची वेळ लावलेली असते.

म्हणून आधी विधींची लेखी यादी, मग दर, मग करार आणि सगळ्यात शेवटी तारीख. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. कुटुंबाच्या वतीने धावपळ करणाऱ्या महाराष्ट्र मंडळांच्या स्वयंसेवकांनाही ते उपयोगी पडतील. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा 1: पहिले काही तास

पहिला फोन कोणाला करायचा, हे मृत्यू कुठे आणि कसा झाला यावर ठरते.

घरी हॉस्पिसची (अखेरच्या आजारातल्या रुग्णाच्या शुश्रूषेची) सेवा चालू असेल आणि मृत्यू अपेक्षित असेल, तर हॉस्पिसच्या नर्सला फोन करा, 911 ला नाही. 911 ला फोन गेला की पोलीस आणि रुग्णवाहिका येते. पुनरुज्जीवन करू नये असा डॉक्टरांचा सहीचा आदेश समोर नसेल, तर ते छाती दाबण्याचे उपचार सुरू करू शकतात. नर्स येऊन मृत्यू घोषित करते, त्यानंतर फ्युनरल होमची गाडी बोलवायची. गाडी लगेच आलीच पाहिजे असे नाही. पार्थिव काही तास घरी ठेवून मुखात गंगाजल-तुळस देणे, गीतेचा अध्याय वाचणे हे सगळे शांतपणे करता येते.

या वेळात तीन गोष्टी करा. डोक्याखाली उशी ठेवून डोके थोडे उंच करा, नाहीतर रक्त चेहऱ्याकडे उतरून रंग काळानिळा पडतो. पापण्या हलक्या हाताने मिटा आणि हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. हातपाय सरळ करा. शरीर ताठर व्हायला दोन-तीन तासांत सुरुवात होते आणि त्यानंतर हे जमत नाही.

मृत्यू अनपेक्षित असेल तर 911 ला फोन करावाच लागतो. अशा वेळी शरीर हलवू नका, पुसू नका, कपडे बदलू नका. प्रकरण मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनर या, अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाते आणि शवविच्छेदन करायचे की नाही हे ते कार्यालय ठरवते. धार्मिक कारणाने शवविच्छेदनाला हरकत घेण्याची तरतूद कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा काही राज्यांच्या कायद्यात आहे. पण हरकत लगेच आणि शक्यतो लेखी द्या, आणि गुन्ह्याचा संशय असेल तर ती मान्य होत नाही.

रुग्णालयात मृत्यू झाला तर तिथले कर्मचारी लगेच विचारतात, कोणते फ्युनरल होम? रुग्णालयात शीतगृह असते, त्यामुळे उद्या सांगतो म्हटले तरी चालते. घाईत दिलेले नाव पुढे महागात पडते, कारण पार्थिव एका फ्युनरल होमने ताब्यात घेतल्यावर दुसरीकडे हलवायचे तर ने-आण करण्याचे आणि आधीच्या जागेचे असे दोन्ही पैसे द्यावे लागतात.

टप्पा 2: सहीचा अधिकार आणि विमा

दहनासाठी अधिकारपत्र लागते आणि ते कोण देऊ शकतो याचा क्रम राज्याच्या कायद्यात ठरलेला असतो. सर्वसाधारण क्रम असा: मृत व्यक्तीने हयातीत लेखी नेमलेला प्रतिनिधी, मग पती किंवा पत्नी, मग सज्ञान मुले, मग आई-वडील, मग भावंडे. सगळी धावपळ जावई करत असला तरी त्याची सही चालत नाही. मुले एकापेक्षा जास्त असतील तर काही राज्यांत सर्वांची, काही ठिकाणी बहुमताची संमती लागते. एक मुलगी सिअ‍ॅटलमध्ये आणि मुलगा पुण्यात, अशी स्थिती असेल तर पुण्यातल्या सहीची सोय पहिल्याच दिवशी विचारा. पासपोर्टची प्रत आणि इलेक्ट्रॉनिक सही अनेक फ्युनरल होम स्वीकारतात. काहींना नोटरी लागतो आणि त्यात एक-दोन दिवस जातात.

भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांपैकी कोणी गेले असेल, तर करार करण्याआधी प्रवास विमा कंपनीला फोन करा. अशा पॉलिसींत पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च बहुधा असतो, काहींत स्थानिक दहनाचाही असतो. पण अट अशी की व्यवस्था विमा कंपनीच्या मदत केंद्राच्या पूर्वसंमतीने झाली पाहिजे. आधी खर्च करून मग पावत्या पाठवल्या की दावा नाकारला जातो, आणि हे फार वेळा घडते.

*तपासा:* सही करणाऱ्याचे ओळखपत्र, मृत व्यक्तीचा पासपोर्ट, विमा पॉलिसी क्रमांक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव-फोन, हे चारही एका पाकिटात आहेत का?

टप्पा 3: एका पानाची लेखी यादी

फ्युनरल होमशी दराची बोलणी करण्याआधी गुरुजींशी बोला आणि एक पान तयार करा. गुरुजी दुसऱ्या शहरात असतील, फोनवरून विधी सांगणार असतील, तरी हे बोलणे आधीच व्हायला हवे. हे पान इंग्रजीत, लहान वाक्यांत, एकेक मुद्दा करून लिहा. "हिंदू पद्धतीने" एवढेच लिहू नका. तिथल्या संचालकाने कदाचित गुजराती किंवा तेलुगू कुटुंबाचे विधी पाहिलेले असतील आणि तुमच्याकडेही तसेच असेल असे तो धरून चालेल. पानावर हे हवे:

1. एम्बामिंग (शरीर टिकवण्यासाठी आत रसायने भरणे) नको, फक्त शीतगृहात ठेवावे.
2. ओठ-पापण्या मिटवण्यासाठी टाके किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या वापरायच्या की नाही.
3. कुटुंबातले किती जण स्नान घालणार, किती वेळ लागेल, गरम पाणी हवे का.
4. कपडे कोण नेसवणार: कुटुंब की तिथले कर्मचारी.
5. अंत्यदर्शनाला किती माणसे येतील, किती तास, चपला कुठे काढायच्या, जमिनीवर बसायचे आहे का.
6. पार्थिवाजवळ काय ठेवायचे: तुळस, फुले, तांदळाचे किंवा कणकेचे पिंड, काळे तीळ, तूप, प्रमाणासह.
7. ज्योत, उदबत्ती, कापूर कुठे चालेल.
8. दाहगृहात किती जण येणार आणि भट्टीचे बटण कर्ता दाबणार.
9. अस्थी दळून हव्यात की न दळता, आणि किती भागांत.
10. दागिने कोणते राहणार, कोणते परत.

हे पान हातात पडले की फ्युनरल होम खरी किंमत आणि खरा वेळ सांगू शकते. ते नसले की सगळ्यात स्वस्त, बिनविधीच्या दहनाचा दर सांगितला जातो आणि मागाहून एकेक रक्कम वाढत जाते.

टप्पा 4: दर विचारणे

1984 पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा फ्युनरल रूल लागू आहे. त्यातले तुमच्या उपयोगाचे मुद्दे थोडकेच आहेत, पण ते पाठ असावेत. फोनवर दर विचारले तर सांगावे लागतात. प्रत्यक्ष गेलात तर बाबवार दरपत्रक तुमच्याकडे ठेवायला द्यावे लागते. साध्या दहनासाठी शवपेटी घ्याच, अशी सक्ती करता येत नाही. पुठ्ठ्याची किंवा साध्या लाकडाची पर्यायी पेटी उपलब्ध करून द्यावी लागते. बाहेरून आणलेली पेटी नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. नाकारता न येणारी आकारणी एकच: मूळ सेवा शुल्क.

तीन ठिकाणी फोन करा आणि तिघांनाही तेच पान पाठवा. एकाच शहरात दुप्पट फरक सहज दिसतो. एकूण रक्कम विचारताना हे धरले आहे का ते नाव घेऊन विचारा: दाहगृहाचे शुल्क, साक्षीने दहनाचे (कुटुंबासमोर पेटी भट्टीत घालण्याचे) शुल्क, स्नानासाठी खोली, अंत्यदर्शनाचे तास, शनिवार-रविवारची जादा आकारणी, पेसमेकर काढणे, मृत्यू दाखल्याच्या प्रती, शासकीय परवाना.

दाहगृह कोणाचे आहे हेही विचारा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये फ्युनरल होमला स्वतःचे दाहगृह चालवता येत नाही. ते दफनभूमीच्या संस्थेकडे असते. अशा ठिकाणी फ्युनरल होमने दिलेला शब्द दाहगृहाला बांधील नसतो. आत किती माणसे, किती मिनिटे, फुले-तूप चालेल का, हे सगळे दाहगृहाचे नियम ठरवतात. "दाहगृहाला विचारून ईमेलने कळवा" असे सांगा आणि उत्तर येईपर्यंत सही करू नका.

पेटीबद्दल एक सूचना. अंत्यदर्शनाला चांगली पेटी हवी पण ती जाळायची नाही, अशा कुटुंबांसाठी भाड्याची पेटी मिळते. आत काढता येणारा लाकडी-पुठ्ठ्याचा भाग असतो आणि तेवढाच भट्टीत जातो. धातूची पेटी दहनाला चालत नाही. पुठ्ठ्याची पेटी घेतलीत तर तिचा तळ लाकडी फळीचा आहे ना ते पाहा, कारण ओल्या कपड्यांनी पुठ्ठा मऊ पडतो आणि खांदा देताना तळ वाकतो.

*सावधान:* "जाहीर अंत्यदर्शन असेल तर एम्बामिंग लागेलच" असे सांगितले जाते. बहुतेक ठिकाणी हा कायदा नसून त्या फ्युनरल होमचे धोरण असते. फक्त कुटुंबासाठी तासाभराचे खासगी अंत्यदर्शन मागितले की शीतगृहातून आणलेले पार्थिव एम्बामिंगशिवाय ठेवता येते का, ते विचारा. तुमच्या परवानगीशिवाय एम्बामिंग करून त्याचे पैसे लावता येत नाहीत.

टप्पा 5: कागदपत्रे आणि थांबण्याचा काळ

भारतात सकाळी गेलेल्या माणसाचे दहन संध्याकाळपर्यंत होते. इथे ते होणार नाही, हे घरातल्या मोठ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. टेक्सास, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्यूनंतर 48 तास, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये 24 तास थांबावे लागते. त्याशिवाय डॉक्टरांनी मृत्यूचे कारण नोंदवणे, अनेक राज्यांत मेडिकल एक्झामिनरची संमती आणि काउंटीचा परवाना, एवढे झाल्यावर भट्टीची वेळ मिळते. प्रत्यक्षात तीन ते सात दिवस धरा. शुक्रवारी दुपारनंतर मृत्यू झाला तर सोमवारपर्यंत कागद हलत नाही.

सर्वात जास्त वेळ डॉक्टरांच्या सहीत जातो. फ्युनरल होम पाठपुरावा करते, पण कुटुंबानेही डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून आठवण द्यावी. भेटीला आलेल्या आई-वडिलांचा इथे नेहमीचा डॉक्टर नसतो, त्यामुळे प्रकरण मेडिकल एक्झामिनरकडे जाण्याची शक्यता वाढते. भारतातल्या डॉक्टरांचे केसपेपर आणि औषधांची यादी त्या कार्यालयाला लगेच पाठवली तर नैसर्गिक कारण नोंदवणे सोपे होते.

दहावे-तेराव्याचे दिवस निधनापासून मोजायचे की दहनापासून, हा प्रश्न याच टप्प्यावर गुरुजींना विचारा आणि उत्तर भारतातल्या घरी कळवा. नाहीतर दोन देशांत दोन वेगळ्या तारखांना दहावे ठरते.

मृत्यू दाखल्याची माहिती भरताना घाई नको. मराठी नावांत चूक होण्याची जागा ठरलेली असते. मधले नाव वडिलांचे की पतीचे? आईचे माहेरचे नाव सासरच्या नावाने भरले गेले का? पासपोर्टवर आडनाव रिकामे आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे का? पॅन कार्ड, सातबारा, बँकेचे खाते आणि हा दाखला यांतले नाव जुळले नाही, तर भारतातल्या वारसनोंदीत प्रतिज्ञापत्रांची रांग लागते. फ्युनरल होमकडून अंतिम मसुदा मागा, पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा, मगच पुढे पाठवायला सांगा. नोंद झाल्यावर दुरुस्तीला आठवडे लागतात. अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर तसे लिहा. रकाना मोकळा सोडला की अर्ज परत येतो.

प्रमाणित प्रती 8 ते 10 मागवा. भारतात वापरायच्या प्रतींवर त्या राज्याच्या, बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट, कार्यालयाकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) करून घ्यावे लागते; किमान दोन प्रतींवर करा.

टप्पा 6: शरीरातली उपकरणे आणि अंगावरच्या वस्तू

अधिकारपत्रात पेसमेकरचा प्रश्न असतो आणि गडबडीत नाही वर खूण केली जाते. पेसमेकर आणि हृदयाला झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या लिथियम बॅटऱ्या उष्णतेने स्फोट होऊन फुटतात. भट्टीच्या आतली वीटबांधणी तुटते, ऑपरेटरला इजा होऊ शकते आणि नुकसानीची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. वेदनाशामक पंप आणि मज्जातंतू उत्तेजित करणारी उपकरणेही अशीच काढावी लागतात. गुडघ्याच्या वाट्या, सळ्या, स्क्रू काढावे लागत नाहीत. ते दहनानंतर वेगळे केले जातात.

कर्करोगावर किरणोत्सारी दाणे बसवले असतील किंवा काही आठवड्यांत किरणोत्सारी औषध दिले असेल, तर ते सांगणे बंधनकारक समजा. प्रोस्टेटसाठी वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-125 च्या दाण्यांचे अर्धायुष्य सुमारे 59 दिवस असते, त्यामुळे उपचार अलीकडचा असेल तर दाहगृह आधी चौकशी करते.

दागिन्यांची लेखी नोंद करा: मंगळसूत्र, जोडवी, कानातले, अंगठी, यांपुढे "ठेवा" किंवा "परत" असे लिहून सही घ्या. भट्टीत गेलेले सोने परत मिळेल असे धरू नका. सवाष्ण गेली असेल तर हिरवा चुडा भरायची पद्धत असते. काचेच्या बांगड्या वितळून अस्थींना चिकटतात. अंत्यदर्शनात चुडा राहू द्या आणि पेटी बंद करण्यापूर्वी काढा, किंवा घरातल्या स्त्रियांनी आधीच ठरवून एकच बांगडी ठेवावी का, ते दाहगृहाला विचारा.

टप्पा 7: स्नान, वस्त्र आणि अंत्यदर्शन

स्नान शक्यतो अंत्यदर्शनाच्या दिवशीच, आधी दीड-दोन तास घ्या. आत जाणाऱ्यांना दोन गोष्टी अगोदर सांगा: शरीर बर्फासारखे गार असेल आणि कडकपणा असू शकतो. हे माहीत नसले की मुले-सुना हात लावताच मागे सरतात आणि विधी तिथेच थांबतो. चार माणसे पुरेत; हातमोजे आणि एप्रन फ्युनरल होम देते. सलाइन लावलेल्या जागेतून द्रव झिरपू शकतो, म्हणून बादलीने पाणी ओतण्याऐवजी ओल्या पंचाने अंग पुसावे. पाण्यात थोडे गंगाजल घालता येते.

कपडे सुती न्या. सदरा आणि ब्लाउज पाठीमागून उभे कापावे लागतात, तेव्हा कात्री बरोबर असू द्या आणि ब्लाउज मापापेक्षा सैल निवडा. साडी पूर्ण नेसवण्याचा हट्ट नको. निऱ्या आधी घालून टाचून ठेवल्या की वरून पांघरता येते. टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. बूट, रबरी तळाच्या चपला, चष्मा पेटीत नको.

अंत्यदर्शनाच्या खोलीत ज्योतीला बहुधा बंदी असते, कारण धुराचे संवेदक थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असतात. बॅटरीवरचा दिवा वापरा. अग्नीचा विधी घराच्या अंगणात, आधी परवानगीचा नियम पाहून करा. अंत्यदर्शनाच्या तासात भाषणे, भजन आणि विधी असे तिन्ही बसवायचे असेल तर विधी आधी घ्या. भाषणे लांबतात आणि मग गुरुजींना दहा मिनिटेच उरतात. पिंड घरून वाफवून, गार करून, झाकणाच्या डब्यात न्या.

*तपासा, पेटी बंद होण्यापूर्वी:* हारात तार, प्लॅस्टिक दोरा किंवा फुलवाल्याचा हिरवा स्पंज नाही ना? कोणी नातवाने प्रेमाने ठेवलेला मोबाइल, घड्याळ, परफ्यूमची बाटली आत नाही ना? अख्खा नारळ नाही ना? बंद नारळ आतल्या वाफेने स्फोटासारखा फुटतो. ठेवायचाच तर खोबऱ्याचा तुकडा ठेवा.

टप्पा 8: दाहगृहात

वेळेच्या 20 मिनिटे आधी पोचा. भट्टी आधीच तापवलेली असते आणि पुढच्या कुटुंबाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे उशीर झाला की तुमचा वेळ कापला जातो. गाड्यांच्या ताफ्याला पत्ता फ्युनरल होमचा नव्हे, दाहगृहाचा पाठवा. आत कोण जाणार त्यांची नावे आदल्या रात्री ठरवा. दारात ठरवायला गेले की एखादी सख्खी बहीण बाहेर राहते.

तूप दोन चमच्यांपेक्षा जास्त नको आणि कापूर, अत्तर अजिबात नको. भट्टीचे दार उघडताच आतली उष्णता बाहेर येते आणि हे पदार्थ ऑपरेटरच्या तोंडाशी भडकतात. चंदनाचे तळहाताएवढे दोन-तीन तुकडे बहुतेक ठिकाणी चालतात. मुखाग्नीच्या जागी कर्त्याने न पेटवलेली चंदनकाडी मुखापाशी स्पर्श करून ठेवायची आणि नंतर बटण दाबायचे, असे अनेक गुरुजी सांगतात. बटण कुठे आहे, कधी दाबायचे हे ऑपरेटरकडून आधी दाखवून घ्या.

पाय दक्षिणेकडे हवेत, हा आग्रह भट्टीपाशी पाळता येत नाही. भट्टी जागची हलत नाही आणि बर्नर छातीच्या भागावर रोखलेला असतो, त्यामुळे डोके कोणत्या बाजूला जाणार हे ऑपरेटर ठरवतो. दिशा अंत्यदर्शनाच्या खोलीत सांभाळा. तिथे पेटी फिरवता येते.

मडक्याचा विधी दाहगृहाच्या आत करू देत नाहीत, कारण फरशीवर पाणी आणि खापऱ्या होतात. तो बाहेर हिरवळीवर किंवा घराच्या अंगणात ठरवा. मडके लहान घ्या, खाली जुनी चादर पसरा आणि खापऱ्या गोळा करून न्या. मडक्याला छिद्र पाडण्याचा अश्मा (दगड) पुढचे दहा दिवस लागतो. तो खापऱ्यांबरोबर फेकला जाणे ही नेहमीची चूक आहे. एका व्यक्तीकडे त्याची जबाबदारी द्या आणि सोबत लहान डबी ठेवा.

दहनाला साधारण 760 ते 980 अंश सेल्सियसला दोन ते तीन तास लागतात. सगळ्यांनी थांबायची गरज नसते.

टप्पा 9: अस्थी ताब्यात घेणे

दहनानंतर उरलेली हाडे गार करून, धातू वेगळा करून यंत्रात दळली जातात. म्हणजे तुम्ही काही सांगितले नाही तर राखाडी भुकटी मिळते, भारतात वेचतो तशा अस्थी नाहीत. न दळलेल्या अस्थी हव्या असतील तर ते अधिकारपत्रावर लिहिलेले असावे लागते, काही दाहगृहे नकार देतात, आणि मोठे भांडे लागते. दळून झाल्यावर काहीच करता येत नाही.

भांड्याच्या मापात बहुतेक जण चुकतात. प्रौढ माणसाच्या रक्षेला अंदाजे 200 घनइंच, म्हणजे सव्वातीन लिटर जागा लागते; जिवंतपणीच्या वजनाच्या दर पौंडाला एक घनइंच हा ढोबळ हिशेब. घरातला तांब्याचा कलश एखाद्या लिटरचा असतो. मग उरलेली रक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी येते आणि सगळ्यांनाच ते लागते. थोड्या अस्थी कलशात, बाकीच्या वेगळ्या पेटीत, असे भाग फ्युनरल होमकडूनच करून घ्या. प्रत्येक भागावर नाव आणि दहनाचा क्रमांक असलेले लेबल मागा.

*तपासा:* दहनाच्या वेळी सोबत ठेवलेली क्रमांकाची धातूची चकती पिशवीत असते. तो क्रमांक दहन प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळवा.

दूध-पाण्याने प्रोक्षण करायचे असेल तर चमचाभर रक्षा ताटलीत काढून त्यावर करा. सगळी रक्षा ओली केली तर तिचा लगदा होतो, नंतर वाळत नाही आणि प्रवासात गळते. पिशवी उघडताना पंखा बंद ठेवा.

टप्पा 10: भारतात नेणे किंवा इथेच विसर्जन

विमानात अस्थी हातातल्या सामानात ठेवा. सुरक्षा तपासणीत पेटी उघडत नाहीत, पण क्ष-किरणांत आतले दिसले पाहिजे. तांबे-पितळेच्या जाड कलशातून दिसत नाही आणि तो अडवला जातो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत न्या, कलश रिकामा सामानात टाका आणि नाशिकला पोचल्यावर त्यात भरा. सोबत मूळ दहन प्रमाणपत्र, मृत्यू दाखला, पेटीत फक्त रक्षा आहे असे फ्युनरल होमचे पत्र, मृताच्या पासपोर्टची प्रत आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र ठेवा. भारतीय नागरिकाचा पासपोर्ट दूतावासात रद्द करून घ्यावा लागतो. दूतावास आणि वकिलातींचा आणीबाणीचा फोन सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीचा नियम विचारा.

रामकुंडावर किंवा इतरत्र विसर्जन करताना पिशवी, लेबल, चकती पाण्यात जाऊ देऊ नका.

अमेरिकेतच समुद्रात विसर्जन करायचे असेल तर पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैल आत जावे लागते आणि 30 दिवसांत कळवावे लागते. म्हणजे किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहून विसर्जन करणे नियमात बसत नाही. बोट भाड्याने घ्या. फुले चालतात, प्लॅस्टिकची नाहीत. नद्या-तलावांना राज्याचे नियम लागू होतात आणि राष्ट्रीय उद्यानात आधी परवानगी लागते.

मंडळाने शांत वेळी करून ठेवायचे काम

टप्पा 3 मधले पान दुःखाच्या दिवशी कोरे बसून लिहिणे फार कठीण जाते. मंडळाने ते आधीच तयार करून परिसरातल्या दोन-तीन फ्युनरल होमच्या संचालकांना भेटावे. भेटीत स्नानाची खोली आणि दाहगृह प्रत्यक्ष पाहा: नळाला गरम पाणी आहे का, दारातून किती माणसे आत मावतात, बटण कुठे आहे, चपला ठेवायला जागा आहे का. दाहगृहाच्या ऑपरेटरशीही बोला. तूप, फुले आणि माणसांची संख्या यांवरचा खरा निर्णय त्याचा असतो. संचालकाला विधींचा क्रम आणि प्रत्येकाला लागणारी मिनिटे लिहून द्या. कर्ता मुलगीही असू शकते, हेही सांगा, म्हणजे बटणापाशी उगाच मुलाला शोधले जाणार नाही.

मंडळाने एक पेटी भरून ठेवावी: दोन लहान मडकी, बॅटरीचे दिवे, पंचे, पांढरे सुती कापड, काळे तीळ, गंगाजल, चंदनाचे तुकडे, जाड चादर, कात्री, टाचण्या, अश्म्यासाठी डबी. सोबत विधी सांगणाऱ्या गुरुजींचे फोन, दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक आणि त्या फ्युनरल होमचे चालू दरपत्रक. दरपत्रक दर वर्षी नव्याने मागवून जुने काढून टाका.